भेद आणि दुजाभाव

माघातील जत्रेच्या दिवसांत फोंडा महालातील एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या अग्रशाळेत जाऊन बसावे. कोकणपट्टीचा सारा नकाशाच जणू एका पंगतीला आलेला दिसतो. मालवण-वेंगुर्ल्याचे कुळावी येतात, कारवार-अंकोल्याचे येतात, मंगळूर-उडुपीकडचे येतात, आणि एखादे कुटुंब थेट कोचीहून आलेले असते. बेळगाव, बडोदे, इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आणि आता घरीदारी मराठीच बोलणारी मंडळीही कुलदेवतेच्या ओढीने त्यांत मिसळतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पंगतीत आम्ही एक वाद ऐकला. कोचीहून आलेले वृद्ध गृहस्थ बोलता बोलता 'मगेलें घर' म्हणाले. शेजारच्या मालवणच्या बाई हसून म्हणाल्या, 'आमी म्हणतव, माझा घर.' वाढपावर असलेल्या गोमंतकीय तरुणाने 'म्हजें घर' म्हणून दोघांच्या मध्ये आपली बैठक मांडली. येथवर सारी मौज होती. परंतु तेवढ्यात कोणीतरी प्रश्न टाकला, की मग ही भाषा एक की तीन? आणि मराठी यांची आई, बहीण की शेजारीण? झाले! पंगतीत दोन तट पडले. एक तट म्हणे, 'सारे एकच आहे. भेद काढणारे ते घर फोडणारे.' दुसरा तट म्हणे, 'एकच एक म्हणणारे ते आमचे अस्तित्व पुसणारे.' पानावर कढी आली तरी वाद मिटला नाही.

हात धुऊन आम्ही तळीच्या काठी येऊन बसलो. समोरच्या आंब्याच्या शेंड्यात एक इवलासा हिरवट पक्षी पानामागून पान उलटून पाहावे तसा हिंडत होता आणि मधून मधून 'चिस्-ली' असा दोन तुकड्यांचा तीक्ष्ण स्वर काढीत होता. हा हिरवट पर्णवटवट्या. वजनाने सुपारीएवढा. हिवाळा आपल्याकडे काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी उत्तरेस निघून जातो. पंगतीत जो प्रश्न विचारला गेला, तोच प्रश्न या पक्ष्याच्या कुळाला फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि त्याचे मिळालेले उत्तर माणसांनाही उपयोगी पडावे असे आहे. म्हणून आज आम्ही वाचकांना थोडा वेळ त्या कुळाकडे नेऊ इच्छितो.

गोष्टीचा आरंभ इंग्लंडात होतो. हॅम्पशर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक ख्रिस्ती उपाध्याय राहत असे. त्याचा जन्म 1720 चा, मृत्यू 1793 चा. त्याने फार प्रवास केला नाही, फार ग्रंथही लिहिले नाहीत. परंतु आपल्या खेड्यातील झाडे, पाखरे, ऋतू यांची तो वर्षानुवर्षे टिपणे करीत राहिला. मित्रांना लिहिलेल्या त्या पत्रांचा ग्रंथ 1789 साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो आवडीने वाचला जातो.

त्या काळी इंग्लंडातील विद्वान एका लहानशा हिरव्या-पिवळ्या पाखराला सरसकट एका नावाने ओळखत. स्वीडनच्या लिनीअसने 1758 साली सृष्टीतील प्राण्यांची जी नामावली केली, तिच्यातही त्याला एकच नाव होते. व्हाइटला मात्र वसंतात बागेच्या कडेला उभे राहिले असता त्या एका नावाच्या पाखरांत निरनिराळे स्वर ऐकू येत. एक पाखरू दोनच स्वर आलटून पालटून, लोहाराने ऐरणीवर लहान हातोडी ठोकावी तसे, ठोकीत बसे. दुसऱ्याचे गाणे वरून सुरू होऊन पायरी पायरीने, हळुवार होत, खाली उतरे. तिसऱ्याचा आवाज कापरा, थरथरता. 1768 साली त्याने थॉमस पेनंट या निसर्गाभ्यासकाला कळविले, की हे पक्षी एक नव्हेत, तीन आहेत. आणि प्रत्येकाचा स्वर कायम स्वतःचा आहे.

तिसरा थोडा निराळा दिसतो, तो बाजूस ठेवू. पहिले दोघे मात्र डोळ्यांना जुळे भाऊ वाटावेत असे. पहिल्याला इंग्रज त्याच्या आवाजावरूनच 'चिफचॅफ' म्हणतात, जशी आपली टिटवी 'टिटिव टिटिव' वरून टिटवी झाली. दुसऱ्याचे इंग्रजी नाव वाळुंजाच्या जातीच्या झाडावरून पडले आहे. आपण त्याला सोयीसाठी वाळुंजी वटवट्या म्हणू. दोघांची लांबी अकरा-बारा सेंटिमीटर, वजन आठ-नऊ ग्रॅम. दोघांच्या पाठी हिरवट, पोटे फिकी, डोळ्यांवर पुसट भुवई. दोघांची घरटी जमिनीवर किंवा जमिनीलगतच्या झुडपात, वर छप्पर असलेली. डोळे म्हणतात, एक. कान म्हणतात, दोन. व्हाइटने कानावर विश्वास ठेवला. मग त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून, समोर ओळीने ठेवून, पायांचे रंग आणि अंगाची मापे पाहिली. त्याला स्वतःला ऐकूनच पटले होते. इतरांना दाखविण्यासाठी मात्र ते जीव घ्यावे लागले. ही गोष्ट आम्हांला आजही बोचते. जिवंत आवाजाची साक्ष पुरेशी मानली जात नाही, तेथे भेद सिद्ध करण्याची किंमत शेवटी त्या बापड्या जिवालाच मोजावी लागते.

विद्वानांच्या दरबारात चिफचॅफला स्वतःचे शास्त्रीय नाव मिळाले ते 1817 साली, म्हणजे व्हाइटच्या पत्रानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. तोवर तो पक्षी नव्हता काय? होता, दर मार्च महिन्यात येऊन आपले दोन स्वर ठोकीत होता. नाव ही आपली गरज होती, त्याची नव्हे.

येथे आपल्या नैयायिकांची आठवण होते. लक्षण कसे करावे, याविषयी त्यांनी घालून दिलेली शिस्त आजही कोणाला शिळी म्हणता येणार नाही. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे लक्षण केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे केले तर म्हैसही आत येते; ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराची, असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हेच तिचे निर्दोष लक्षण, असे ते म्हणतात.

हीच कसोटी आपल्या दोन पाखरांना लावून पाहू. चिफचॅफचे पाय काळसर, वाळुंजी वटवट्याचे फिके. पण काही वाळुंजी वटवटे गडद पायांचेही निघतात. मग गाणे हेच लक्षण म्हणावे, तर मादी सहसा गात नाही, आणि नर तरी बारा महिने कोठे गातो? हातात पक्षी धरून पायात कडे घालणारे अभ्यासक पंखाच्या मोठ्या पिसांतील बाहेरून सहाव्या पिसाची कड पाहतात. चिफचॅफमध्ये ती टोकाकडे अरुंद झालेली असते, दुसऱ्यात नसते. केवढासा हा पुरावा! एका पिसाची एक कड! परंतु या कडेमागे एक आयुष्यक्रम उभा आहे. वाळुंजी वटवट्याचा पंख लांब आणि टोकदार, कारण त्याला सहारा ओलांडून आफ्रिकेत खोलवर जायचे असते. पूर्व सैबेरियातील त्याचे भाऊबंद तर बारा हजार किलोमीटरांच्या आसपास उडून आफ्रिका गाठतात. ही वाट निभावी म्हणून तो वर्षातून दोनदा सारी पिसे बदलतो. पक्ष्यांत हे क्वचितच आढळते. चिफचॅफचा पंख आखूड आणि गोलसर, कारण त्याचा मोठा भाग भूमध्य समुद्राच्या आसपास आणि पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो, काही तर इंग्लंडातच राहतात. सैबेरियाकडील चिफचॅफ उत्तर आणि मध्य भारतात उतरतात. ग्वाल्हेरकडील वाचकांना थंडीत ओढ्याकाठच्या बाभळींत ते पाहावयास मिळतील. तेव्हा बाह्य चिन्ह क्षुद्र असले, तरी त्याने दाखविलेला भेद क्षुद्र असतोच असे नाही. दोघांनी दोन वाटा धरल्या आणि प्रत्येक वाट पंखावर उमटली, इतकेच.

आता एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. पंगतीतील पहिल्या तटाचाच तो आहे. 'असेल भेद, पण तो काढून मिळवायचे काय? पाखरू म्हणून दोघेही गोड आहेत. तत्त्वतः सारे एक, हे ज्याला कळले त्याने पिसाच्या कडा का मोजाव्यात?' हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. अभेदाची ओढ ही माणसाच्या उदात्त ओढींपैकी एक आहे. परंतु अभेद दोन प्रकारांनी हाती येतो. एक, भेद नीट पाहून, त्याच्या पलीकडे जाऊन. दुसरा, भेद पाहण्याचे कष्टच न घेता. पहिला ज्ञानाचा, दुसरा आळसाचा. आणि हा दुसरा नेहमी पहिल्याची वस्त्रे नेसून येतो.

या आळसाची किंमत काय, हे त्याच दोन पाखरांनी दाखवून दिले आहे. गेल्या काही दशकांत इंग्लंडच्या दक्षिण भागात वाळुंजी वटवट्यांची संख्या फार घटली. स्कॉटलंडात मात्र ती वाढली. त्याच काळात चिफचॅफ ब्रिटनभर पुष्कळ वाढले. हे कळले, कारण मोजणारांनी दोघांना वेगळे मोजले. समजा, व्हाइटच्या आधी होते तसे दोघांना एकच नाव असते, तर काय झाले असते? एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघाली असती, आकडा जागच्या जागी राहिला असता, आणि दक्षिण इंग्लंडातील कुंपणांवरून एक उतरते गाणे मावळत चालले आहे याची दादही कोणाला लागली नसती. ज्याला आपण वेगळे ओळखत नाही, त्याचे जाणेही आपल्याला कळत नाही. 'सारे एकच' या गोड वाक्याच्या आड एखाद्याचा अंत निमूटपणे होऊ शकतो.

दुसऱ्या तटाला येथे आनंद होईल; परंतु त्यालाही पुढे ऐकून घ्यावे लागेल. आता आम्ही तळीकाठच्या त्या हिरवट पर्णवटवट्याकडे वळतो.

या पक्ष्याची वस्ती तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारखी पसरली आहे. पठारावर झाडे नाहीत, म्हणून तेथे तो नाही. भोवतालच्या डोंगरवनांत आहे. हिमालयातून पश्चिमेकडे काश्मीर, तेथून मध्य आशियातील पर्वत, आणि पुढे पश्चिम सैबेरिया ही एक बाजू. हिमालयातून पूर्वेकडे चीनमधील पर्वत आणि वर पूर्व सैबेरिया ही दुसरी बाजू. या दोन बाजूंची टोके मध्य सैबेरियाच्या अरण्यात पुन्हा एकमेकांना भेटतात. टिसहर्स्ट या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने 1938 साली या कुळावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ही गोष्ट दाखविली, की हिमालयातून एका बाजूने चालत गेले तर प्रत्येक टप्प्यावरचा पक्षी शेजारच्या टप्प्यावरच्या पक्ष्याशी हळूहळू मिळत जातो. दुसऱ्या बाजूनेही तसेच. पण सैबेरियात दोन टोके भेटतात तेथे पश्चिमेकडचा पक्षी आणि पूर्वेकडचा पक्षी एकाच वनात राहूनही परक्यांसारखे वागतात. एकाच्या पंखावर एक फिका पट्टा, दुसऱ्याच्या पंखावर दोन.

आयर्विन, बेन्श आणि प्राइस या तिघा अभ्यासकांनी 2001 साली या कड्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना असे आढळले, की हिमालयात या पक्ष्याचे गाणे आखूड आणि साधे आहे. दोन्ही बाजूंनी उत्तरेस जावे तसे ते लांबत आणि गुंतागुंतीचे होत जाते. पण एका बाजूची गुंफण निराळी, दुसऱ्या बाजूची निराळी. ध्वनिमुद्रित गाणे ऐकविले तर पक्षी शेजारच्या टप्प्याचे गाणे ओळखून धावून येतो. मात्र सैबेरियातील एका टोकाचा पक्षी दुसऱ्या टोकाचे गाणे ऐकून ढिम्म राहतो. ते गाणे त्याच्या लेखी वाऱ्यासारखे. साखळीच्या प्रत्येक दुव्यावर ओळख आहे; टोकांना ती नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही आपली म्हण या पाखरांनी तिबेटला प्रदक्षिणा घालून खरी केली आहे.

मग हा पक्षी एक की दोन? हिमालयात उभे राहून विचारले, तर एक. मध्य सैबेरियात उभे राहून विचारले, तर दोन. दोन्ही उत्तरे खरी, आणि दोन्ही आपल्या जागी. पक्ष्यांच्या सूच्या करणाऱ्या विद्वानांतही यावरून दोन मते चालत आली आहेत. 2014 साली या पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा अधिक खोल अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याने दोन्ही पक्षांची खात्री थोडी ढिली केली. साखळी अखंड वाटते, पण पूर्वी ती काही ठिकाणी तुटून पुन्हा सांधली गेली असावी असे दिसले. आणि टोकांची फारकत पूर्ण वाटते, पण तेथेही थोडी देवघेव झालेली आढळली. निर्भेळ एकता नाही, निर्भेळ परकेपणाही नाही.

यावरून 'ज्याला जे वाटेल ते खरे' असा अर्थ मात्र कोणी काढू नये. सैबेरियातील पक्ष्याला हिमालयातून कोणी 'तुम्ही एकच आहात' असे कळवून भागणार नाही. तेथे कोणाचे गाणे कोणाला कळते, हे त्या वनातील पाखरेच ठरवितात. त्याचप्रमाणे सैबेरियातील भेद दाखवून हिमालयातील शेजाऱ्यांमध्ये भिंत उभारणेही खोटे ठरेल. उत्तर देण्याचा पहिला अधिकार जो तेथे राहतो त्याचा. आणि आपण बाहेरच्यांनी करायचे ते इतकेच, की जवळ जावे, ऐकावे, आणि जेवढे ऐकले तेवढेच म्हणावे.

वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की कोची ते मालवण या किनाऱ्यावर अशीच एक साखळी आहे. मालवणची बाई पेडण्याच्या बाईशी बोलते, पेडण्याची सासष्टीच्या, सासष्टीची कारवारच्या, कारवारची मंगळूरच्या. कोठेच संवाद तुटत नाही. मात्र पहिली आणि शेवटची एका पंगतीत बसल्या, की घर 'माझा' की 'मगेलें' यावरून हसू फुटते. पाखरांचा दृष्टान्त माणसांना सर्वांगी लागू पडत नाही, हे आम्ही जाणतो. पाखरू दुसरे गाणे शिकून दोन घरांत राहू शकत नाही, माणूस राहतो. म्हणूनच माणसावर जबाबदारी अधिक. कोकणीला साहित्य अकादमीने 1975 साली स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. 1987 साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि त्याच कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. 1992 साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. हा वाद पुन्हा उकरण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की वेगळे नाव मिळाल्याने नाते तुटत नाही, आणि नाते सांगण्यासाठी नाव पुसावे लागत नाही.

मग घर फुटते ते कशाने? आमच्या मते ते भेदाने फुटत नाही, दुजाभावाने फुटते. 'हा निराळा आहे' हे ज्ञान झाले. 'हा निराळा आहे, म्हणून उणा आहे' हा दुजाभाव झाला. पहिल्या वाक्यातून दुसरे निघत नाही; ते मध्येच कोणी तरी घुसडलेले असते. आफ्रिका गाठणारा वटवट्या श्रेष्ठ आणि जवळच राहणारा चिफचॅफ कनिष्ठ, असे कोणता समंजस माणूस म्हणेल? दोघांचे पंख आपापल्या वाटेला पुरतात. आणि 'हा निराळा नाहीच' असे म्हणून ज्याचे बोलणे आपल्या बोलण्याची बिघडलेली आवृत्ती ठरविली जाते, त्याच्या वाट्यालाही दुजाभावच येतो, फक्त एकतेच्या नावाने. दोन्ही तटांनी आपापल्या दाराशी हे तपासून पाहावे.

वस्तुतः ही विद्या आपल्या देवस्थानच्या मंडळींना कोणी परकीयाने शिकवावी अशी नाही. एकाच कुलदेवतेच्या कुळाव्यांत काही घराणी कवळे मठाची, म्हणजे स्मार्त. काही पर्तगाळी मठाची, म्हणजे वैष्णव. एकाचे तत्त्वज्ञान अद्वैताचे, दुसऱ्याचे द्वैताचे, जेथे भेद पाच प्रकारांनी सत्य मानला आहे. याहून मोठा मतभेद कोणता असू शकेल? तरीही या घराण्यांत सोयरिकी होतात. काही महिन्यांत स्मार्तांची एकादशी एका दिवशी आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी येते; तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या रीतीप्रमाणे एकाच नात्यागोत्यात उपवासाचे दिवस दोन होतात. पंचांग दोन्ही छापते, आणि कोणी कोणाला अधर्मी म्हणत नाही. भेद लिहून ठेवला आहे, पाळला आहे, आणि पंगत एकच राहिली आहे. जे देवाविषयी साधले, ते भाषेविषयी आणि शेजाऱ्याविषयी साधू नये काय?

त्या दिवशी तळीकाठी बराच वेळ गेला. कोचीचे गृहस्थ हात पुसत आमच्याजवळ येऊन बसले. त्यांनाही तो 'चिस्-ली' स्वर ऐकू आला. 'हे पाखरू आमच्याकडेही येते,' ते म्हणाले, आणि त्याला त्यांच्या घरी काय म्हणतात ते आठवू लागले. नाव आठवले नाही. तेवढ्यात मालवणच्या बाई प्रसादाची पुडी घेऊन आल्या. आम्ही तिघेही त्या आंब्याकडे पाहत राहिलो, आणि काही वेळ कोणी कोणाला दुरुस्त केले नाही.